ओल्या भिंतीवरचे वाणी

मृग लागून आठवडा उलटलेला असतो. पहिल्या दोन-तीन सरी तापलेली जमीन पिऊन टाकते. मग पाऊस धरतो आणि अंगणात पाणी साचू लागतं. कोकणातल्या घरात अशा एखाद्या पहाटे न्हाणीघराचा दिवा लावावा, तर समोरच्या भिंतीवर विटकरी रंगाचा, बोटभर लांबीचा एक प्राणी सावकाश वर निघालेला दिसतो. दुसरा दाराच्या कोपऱ्यात, तिसरा बादलीखालच्या ओलीत. लहान मूल किंचाळतं, कुणीतरी चप्पल उचलतं, आणि आतून आजीचा आवाज येतो, ‘‘चिरडू नकोस गं, वास सुटेल. केरसुणीने सुपलीत घे आणि लांब नेऊन टाक.’’

वाण्यांच्या बंदोबस्ताचं बरंचसं शहाणपण आजीच्या या एका वाक्यात आहे. ते इतकं साधं आहे, की त्यावर विश्वास बसत नाही. म्हणून दर पावसाळ्यात मिठाचे पुडे फुटतात, उंबरठ्यावर रॉकेल शिंपडलं जातं, फवाऱ्याचे डबे रिकामे होतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भिंतीवर तितकेच वाणी पुन्हा दिसतात. असं का होतं हे समजायचं, तर हा प्राणी घरात कशासाठी येतो ते आधी पाहायला हवं.

वाणी हे त्याचं महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी चालणारं नाव. दुसरं नाव पैसा. स्पर्श झाला की तो डोकं आत घेऊन चकलीसारखा गोल होतो आणि नाण्यासारखा पडून राहतो. पावसाळ्यात शाळेच्या वाटेवर पोरं काडीने त्याला डिवचून पैसा करतात आणि तो उलगडायची वाट बघत बसतात. पाचेक मिनिटं शांत बसलं, तर तो खरंच उलगडतो. आधी डोकं बाहेर येतं, मग दोन आखूड मिशा जमीन चाचपतात, आणि सगळं ठीक आहे असं वाटलं की पायांची लाट सुरू होते.

ती लाट जवळून पाहावी अशीच आहे. प्रत्येक पाय शेजारच्या पायाच्या किंचित मागेपुढे उचलला जातो. त्यामुळे पिकावरून वारा जावा तशी एकामागून एक लाट अंगाखालून सरकत जाते आणि वरचं शरीर मात्र रुळावरच्या डब्यासारखं स्थिर राहतं. या पायांत वेग नाही, जोर आहे. एवढ्या पायांनी मिळून रेटल्यावर वाणी भुसभुशीत मातीत, कुजक्या पानांच्या थरात डोकं खुपसून वाट काढत जातो. नांगरणीची ही ताकद घराच्या गुळगुळीत फरशीवर निरुपयोगी ठरते, आणि तिथे तो अगदीच दुबळा दिसतो.

वाण्याविषयीची निम्मी भीती खरं तर गोमेची असते. गोम कानात जाते, गोम चावते, घोण तर फारच विषारी, हे ऐकत मोठी झालेली माणसं पुष्कळ पायांचा कुठलाही प्राणी दिसला की दचकतात. दोघांतला फरक मात्र लांबूनही ओळखता येतो. गोम चपटी असते, सरसर पळते आणि तिच्या प्रत्येक वळ्याला पायांची एकच जोडी असते. ती शिकारी आहे. डोक्यालगतच्या पायांच्या जोडीचे विषारी नखांत रूपांतर झालेले असते आणि मोठ्या गोमेचा दंश चांगलाच झोंबतो. घरात दिसणारा वाणी बहुधा पेन्सिलीसारखा गोल असतो, संथ चालतो आणि त्याच्या बहुतेक वळ्यांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात. त्याला नांगी नाही, विषाचे दात नाहीत. त्याचे जबडे कुजलेलं पान कुरतडण्यापुरते. तो माणसाला चावत नाही.

पायांची ही दुप्पट संख्या कशी आली? दोन वळी एकमेकांत जुळून एक झालेली असतात, म्हणून प्रत्येक जोडवळ्याला चार पाय. डोक्यामागचं पहिलं वळं बिनपायांचं असतं आणि पुढच्या तीन वळ्यांना एकेकच जोडी असते. बहुतेक जातींची पिल्लं अंड्यातून बाहेर येतात तेव्हा त्यांना जेमतेम सहा पाय असतात. मग दर कातेला मागच्या बाजूला नवी वळी आणि नवे पाय वाढत जातात. इंग्रजी नावाचा अर्थ ‘हजार पायांचा’ असला, तरी हजार पाय असलेला एकही वाणी बराच काळ कुणाला सापडलेला नव्हता. ७५० पायांची कॅलिफोर्नियातली एक जात आघाडीवर होती. पश्चिम ऑस्ट्रेलियात खनिजांच्या शोधासाठी खणलेल्या छिद्रात, जमिनीखाली सुमारे ६० मीटरवर, दोऱ्यासारखा बारीक, फिकट आणि डोळे नसलेला एक वाणी मिळाला. २०२१ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. त्या मादीला १,३०६ पाय होते. ग्रीक पुराणातल्या पाताळाच्या राणीवरून तिच्या जातीला ‘पर्सेफोनी’ हे नाव मिळालं.

आता घराकडे येऊ.

वाणी हवेतला ऑक्सिजन घेतो, पण त्याला फुप्फुसं नाहीत. पोटाकडच्या बाजूला पायांच्या बुडाशी बारीक छिद्रं असतात आणि तिथून नळ्यांचं जाळं शरीरभर पसरलेलं असतं. ही व्यवस्था फार जुनी आहे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर स्टोनहेवन इथे माइक न्यूमन नावाच्या एका बसचालकाला, जो हौसेने जीवाश्म गोळा करत असे, जेमतेम सेंटीमीटरभर लांबीचा वाण्याचा तुकडा सापडला. त्याच्या कवचावर ही श्वासाची छिद्रं स्पष्ट दिसतात. तो तुकडा ४० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे. जमिनीवर येऊन हवेत श्वास घेणाऱ्या प्राण्यांचा तो सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी एक मानला जातो.

इतक्या जुन्या या प्राण्याची एक अडचण मात्र अजून सुटलेली नाही. कीटकांच्या अंगावर मेणासारखा थर असतो, तो आतलं पाणी धरून ठेवतो. झुरळ कोरड्या कपाटात आठवडे काढतं ते त्याच्या जोरावर. वाण्याच्या कवचात चुना भरपूर असतो, पण पाणी अडवणारा तो थर बहुतेक जातींत नसतो किंवा अगदीच अपुरा असतो. शिवाय श्वासाची छिद्रं त्याला कीटकांसारखी घट्ट मिटता येत नाहीत. कोरड्या हवेत त्याच्या अंगातलं पाणी भराभर उडून जातं. म्हणून तो दिवसा दगडाखाली, पाचोळ्यात, मातीत राहतो आणि रात्री हवा दमट झाली की हिंडतो.

पण ओल हवी म्हणजे पाणी हवं असं नाही. मुसळधार पावसात माती आणि पातेरा पाण्याने तुडुंब भरला की मातीतली हवाच संपते आणि वाणी गुदमरू लागतो. मग तो वर निघतो. पाण्यापासून दूर जायचं म्हणजे उंच चढायचं, एवढं त्याला कळतं. समोर माडाचं खोड आलं तर त्यावर, गडगा आला तर गडग्यावर, घराचं जोतं आलं तर जोत्यावर. वर चढता चढता भिंतीची भेग, दाराखालची फट किंवा खिडकीचा कोपरा लागतो आणि तो आत येतो. आत येण्यामागे अन्नाचा शोध नाही, अंडी घालण्याचा बेत नाही. तो वाट चुकलेला असतो. न्हाणीघरात तो जास्त दिसतो, कारण घरातल्या घरात त्याला सोसेल इतकी दमट जागा तेवढीच. तिथून झोपायच्या खोलीत गेला, की एक-दोन दिवसांत वाळून मरतो. पलंगाखाली, पायपुसण्याच्या कडेला सापडणारे गोल झालेले वाणी असे मेलेले असतात.

याचा अर्थ असा की घरातले वाणी घरात तयार होत नाहीत. ते कपडे खात नाहीत, धान्यात शिरत नाहीत, लाकूड पोखरत नाहीत, रोग पसरवत नाहीत. वाळवी किंवा झुरळाला लागू पडणारा हिशेब इथे चुकतो. झुरळं मारली की घरातली झुरळं कमी होतात, कारण त्यांचा संसार घरात असतो. वाण्यांचा संसार बाहेरच्या ओल्या पाचोळ्यात असतो. भिंतीवरचे वीस मारले, तरी अंगणात हजार असतात आणि पावसाचं पाणी त्यांना ढकलतच असतं. विषारी फवाऱ्याचा उपयोग होत नाही तो याचमुळे. शिवाय फवारा अंगावर पडलेला वाणी लगेच मरत नाही, तासन् तास तडफडत राहतो, तोपर्यंत मागचे येऊन पोचतात, आणि विष मात्र घरातल्या फरशीवर, रांगत्या बाळाच्या हातापर्यंत येऊन राहतं.

मिठाचंही तसंच. मिठाने वाण्याच्या अंगातलं पाणी खेचलं जातं आणि तो मरतो, हे खरं. पण पावसात उंबरठ्याबाहेर टाकलेलं मीठ पहिल्याच सरीत विरघळून तुळशीच्या, जास्वंदीच्या मुळांशी जातं. झाड जळतं आणि वाणी राहतात. रॉकेल तर घराच्या दारात शिंपडायची वस्तूच नव्हे. देवाजवळ समई तेवत असलेल्या घरात तर मुळीच नाही. चुन्याची भुकटी किंवा किडे सुकवणाऱ्या इतर पावडरी कोरड्या जागी काही प्रमाणात काम करतात, पण वाणी येतात ते भर पावसात, आणि ओली झालेली भुकटी म्हणजे नुसता चिखल.

चिरडू नये, हे आजीचं सांगणं दोन कारणांनी बरोबर आहे. पहिलं आजीने सांगितलंच: वास. वाण्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना, बहुतेक वळ्यांवर, ग्रंथींची छिद्रं असतात. धोका वाटला की तिथून पिवळट तपकिरी द्रव पाझरतो. आपल्याकडे न्हाणीघरात दिसणाऱ्या गोल, नळीसारख्या वाण्यांच्या द्रवात बेंझोक्विनोन नावाची रसायनं असतात. त्यांना आयोडीनसारखा, नाकात झोंबणारा वास येतो. दुसऱ्या एका गटातले वाणी पाठीने चपटे असतात. पावसाळ्यात पुणे-मुंबईकडे रस्त्याच्या कडेला झुंडीने फिरणारे काळपट-गुलाबी लहान वाणी या गटातले. त्यांच्या ग्रंथीला दोन कप्पे असतात. एका कप्प्यात एक रसायन साठवलेलं असतं आणि दुसऱ्यात ते तोडणारं विकर. वेळ आली की मधली झडप उघडते, दोन्ही मिसळतात आणि कडू बदामाच्या वासाचं बेंझाल्डिहाइड आणि हायड्रोजन सायनाइड तयार होतं. सायनाइड हा शब्द ऐकून घाबरायला नको. एका वाण्याजवळ ते इतकं थोडं असतं की मुंगी किंवा कोळी माघार घेतो, माणसाला काही होत नाही. मात्र मुलांनी हौसेने असे पन्नास वाणी एका झाकणबंद बरणीत कोंडू नयेत.

दुसरं कारण डागाचं. क्विनोनचा द्रव कातडीला लागला की जागा आधी पिवळी-तपकिरी होते आणि मग जांभळट काळी पडते. हा डाग साबणाने निघत नाही. तो कातडीतच रंगतो आणि काही आठवडे, कधी काही महिने राहतो. पावसाळ्यात बाहेर ठेवलेल्या बुटात रात्री वाणी शिरतो, सकाळी घाईत पाय आत जातो, वाणी चिरडतो, आणि संध्याकाळी मोजा काढल्यावर दोन बोटं काळीनिळी दिसतात. रक्तपुरवठा बंद झाला की काय, अशा शंकेने डॉक्टरांकडे गेलेल्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. लहान मुलांच्या बाबतीत तर असे डाग मारहाणीचे वण समजले गेले आहेत. म्हणून पावसाळ्याच्या चार महिन्यांत बूट उलटे आपटून घालायची सवय चांगली. द्रव लागलाच, तर लगेच साबण आणि भरपूर पाण्याने धुवावं. काळजी खरी डोळ्याची. वाणी हाताळलेला हात डोळ्याला लागला आणि आग होऊ लागली, तर पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरावी आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावं. रांगत्या मुलाने तोंडात घातला तर तोंड धुऊन डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

माणूस ज्याला नाक मुरडतो, त्याच द्रवाला काही प्राणी औषध समजतात. व्हेनेझुएलातली कपुचिन माकडं पावसाळ्यात एक मोठा वाणी शोधून काढतात, तो अंगभर चोळतात आणि मग दुसऱ्या माकडाच्या हातात देतात. पावसाळा हा तिथेही डासांचा काळ. द्रवातली क्विनोनं डासांना पळवतात, हे संशोधकांनी तपासून पाहिलं आहे. मादागास्करमधले लेमूरही वाणी चावून, लाळेत कालवून अंगाला लावतात. माणसाने मात्र हा प्रयोग करू नये.

केरसुणी आणि सुपली हे पुरेसं हत्यार आहे, हे एकदा मान्य केलं की खरं काम घराबाहेर सुरू होतं. आणि ते पावसाच्या आधी, मे महिन्यात करायचं असतं.

कोकणातलं जुनं घर घ्या. जांभ्या चिऱ्यांची भिंत, उंच जोतं, भोवती माड-पोफळी-फणस. मे अखेरीस माडाच्या झावळ्या, फणसाची पानं, आंब्याचा पातेरा भिंतीला लागून साचलेला असतो. पडवीच्या कडेला पावसाळ्याचं सरपण रचलेलं असतं. मागे चार जुनी कौलं, एक फुटकी घागर, ताडपत्रीखाली झाकलेलं काहीतरी. या प्रत्येक वस्तूच्या खाली अंधार, ओल आणि कुजणारं अन्न, म्हणजे वाण्यांचं घर. पाऊस पडला की तिथून भिंत एका हातावर. हेच सामान भिंतीपासून दोन-तीन हात दूर सरकवलं आणि मधली पट्टी खराट्याने स्वच्छ, उघडी, उन्हाला खुली ठेवली, तर घरात येणाऱ्या वाण्यांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी उतरते. पातेरा जाळायची गरज नाही. तो माडाच्या आळ्यात किंवा परसातल्या खताच्या खड्ड्यात गेला की झाडालाही बरं. फक्त तो खड्डा न्हाणीघराच्या भिंतीला लागून नसावा.

पाण्याची वाट हा दुसरा भाग. पागोळ्यांचं पाणी जोत्याच्या मुळाशीच पडत असेल तर तिथली माती चार महिने कोरडी होत नाही. पन्हळ लावून ते पाणी दूर सोडावं. न्हाणीघराचं सांडपाणी अळूच्या वाफ्यात सोडायची आपली रीत छान आहे, पण वाफा भिंतीला चिकटून असेल तर तो वाण्यांना थेट दारापर्यंत आणतो. वाफा चार हात पुढे नेला की दोन्ही गोष्टी साधतात.

मग फटी. दाराच्या तळाशी रबराची किंवा ब्रशची पट्टी मिळते. ती लावण्याइतका परिणामकारक उपाय दुसरा नाही. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी, नळाचे पाइप भिंतीतून येतात तिथल्या भोकाला सिमेंट, खिडकीच्या चौकटीखालच्या भेगेला पुट्टी. जांभ्याच्या भिंतीत दरजा भरलेल्या नसतील तर त्या भरून घ्याव्यात. वाण्यांना खडबडीत भिंत सहज चढता येते, गुळगुळीत उभी कड मात्र जमत नाही. काचेवरून किंवा तुळतुळीत टाइलवरून ते घसरतात. ज्या घरांत जोत्याला बाहेरून हातभर उंचीच्या गुळगुळीत टाइल लावलेल्या असतात, तिथे हा फरक पाहायला मिळतो.

शहरातही हे घडतं. सोसायटीच्या तळमजल्यावर, खिडकीबाहेर हिरवळीची पट्टी आणि कुंड्यांची रांग असते, माळी वाळलेली पानं झाडांच्या बुडाशी ढकलून ठेवतो आणि जुलैत तळमजल्यावरची माणसं हैराण होतात. वरच्या मजल्यावर ते आढळले तर बहुतेक वेळा नर्सरीतून आणलेल्या कुंडीतल्या मातीबरोबर आलेले असतात. कुंडीखालची ताटली रोज रिकामी केली आणि कुंडी दोन विटांवर उचलून ठेवली, तर खाली वारा खेळतो आणि वाणी तिथे थांबत नाहीत. मुंबई-कोकणात दिसणारा विटकरी वाणी, शास्त्रीय नाव ट्रायगोनियुलस कोरॅलिनस, मूळचा दक्षिण आणि आग्नेय आशियातला. झाडांच्या मातीबरोबर प्रवास करत तो कॅरिबियन बेटं आणि फ्लोरिडापर्यंत पोचला आहे. वाण्यांपैकी ज्या जातीचा संपूर्ण जनुकीय आराखडा सर्वांत आधी, २०१५ साली, प्रसिद्ध झाला, ती हीच.

ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी हा त्रास आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणावर सोसला आहे. युरोपातला काळा पोर्तुगीज वाणी १९५३ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट लिंकन बंदरात आढळला आणि तिथून पसरत गेला. शत्रूच नसल्याने त्याची संख्या बेसुमार वाढली. शरद ऋतूतला पहिला पाऊस पडला की तो रात्री घरांकडे निघतो. तिथल्या सरकारी सल्ल्यात दोन गोष्टी आवर्जून असतात: रात्री बाहेर पडणारा उजेड पडद्यांनी अडवा, कारण हा वाणी दिव्याकडे ओढला जातो, आणि भिंतीभोवती गुळगुळीत उभा अडसर करा. तिथल्या मातीतच राहणारी एक सूक्ष्म सूत्रकृमी या वाण्याला मारते असं लक्षात आल्यावर ती मुद्दाम पसरवण्याचे प्रयत्नही झाले. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये पर्थजवळच्या क्लार्कसन स्थानकात एक गाडी उभ्या गाडीवर आपटली, काही प्रवाशांना किरकोळ इजा झाली. रुळांवर चिरडलेल्या वाण्यांमुळे चाकं घसरली असावीत, असा तेव्हा संशय घेतला गेला.

जपानात तर एका जातीचं नावच ‘आगगाडी-वाणी’ पडलं आहे. होन्शू बेटाच्या डोंगराळ भागात हे वाणी इतक्या संख्येने रुळांवर येत, की चाकं घसरून गाड्या थांबत. अशी पहिली नोंद १९२० ची. नंतर लक्षात आलं की हे दरवर्षी होत नाही. ठराविक जागी दर ८ वर्षांनी होतं. संशोधकांनी अनेक दशकं माती उकरून पिल्लं मोजली आणि २०२१ मध्ये निष्कर्ष मांडला: अंड्यातून बाहेर पडल्यावर वयात यायला या वाण्याला ८ वर्षं लागतात आणि एका भागातले सगळे एकाच वेळी वयात येतात. रुळांवर दिसतो तो या आयुष्याचा शेवटचा तुकडा. बाकीची वर्षं मातीत, माणसाच्या नजरेआड जातात.

महाराष्ट्रात वाण्याचा खरा तोटा सोसावा लागतो तो विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला. घरात तो केवळ किळसवाणा वाटतो; शेतात तो पीक खातो. एरवी कुजलेल्या पानांवर जगणारा हा प्राणी संख्या वाढली की सोयाबीनचं उगवतं बी, कपाशीची कोवळी रोपं कुरतडतो. गेल्या काही वर्षांत जून-जुलैत अनेक जिल्ह्यांतून अशा तक्रारी आल्या आणि दुबार पेरणीची वेळ कुणाकुणावर आली. पेरणीला लागणारा पैसा हातउसना आणलेल्या माणसासाठी ही लहान गोष्ट नाही. कृषी विद्यापीठांच्या सल्ल्यात पहिला उपाय औषधाचा नाही. शेतातला काडीकचरा आणि बांधावरचं गवत पेरणीआधी काढा, हा पहिला. मग संध्याकाळी शेतात ठिकठिकाणी ओल्या गवताचे लहान ढीग ठेवायचे. रात्रभर हिंडलेले वाणी पहाटे उन्हाच्या भीतीने त्या ढिगांखाली गोळा होतात. सकाळी ढीग उचलून ते वेचायचे आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायचे. इथे मीठ बादलीतच राहतं, जमिनीत जात नाही.

हाच उपाय मोठ्या अंगणातही चालतो. घरापासून दहा-पंधरा हातांवर, झाडाखाली, भिजवलेलं गोणपाट किंवा पानांचा ढीग ठेवला तर बरेचसे वाणी तिथेच थबकतात. सकाळी ते उचलून खताच्या खड्ड्यात सोडता येतात. शेतकऱ्याला मारण्यावाचून पर्याय नसतो, अंगणवाल्याला असतो. आणि तो त्याने घ्यावा, असं म्हणायला सबळ कारण आहे.

सह्याद्रीतल्या जंगलात दर उन्हाळ्यात पानांचा जाड थर पडतो. ती पानं तशीच राहिली तर मातीला काही मिळणार नाही. वाणी ती चावून बारीक करतात आणि लेंड्यांच्या रूपाने मातीत सोडतात. तुकडे जितके बारीक, तितकं बुरशीला आणि जिवाणूंना काम सोपं. याच डोंगरात वाण्यांचे काही भाऊबंद धक्का लागताच चकली न होता पूर्ण गोळा होतात, चिकूच्या बीपेक्षा मोठ्या, चकचकीत गोट्या. दक्षिण भारत आणि श्रीलंकेच्या डोंगरांत सापडणाऱ्या या गटावर कर्नाटकात खतनिर्मितीचे प्रयोग झाले आहेत, गांडुळांवर होतात तसेच. पहिल्या पावसाबरोबर लालचुटूक मखमली मिरगाचा किडा दिसला की कोकणातली माणसं कौतुकाने तो तळहातावर घेतात. त्याच सरीत, त्याच मातीतून वर आलेला वाणी मात्र चपलेखाली जातो.

भाद्रपद सरता सरता पाऊस ओसरतो. ऊन तापू लागतं, जोत्याभोवतीची माती वरून भेगाळते, आणि वाणी जसे आले तसे दिसेनासे होतात. वाचलेले मातीत आणि दगडांखाली खोल शिरतात. मादीने पावसाळ्यात मातीत घातलेल्या अंड्यांतून निघालेली सहा पायांची पिल्लं तिथेच कात टाकत, आपलीच टाकलेली कात खात वाढत असतात. कवचाचा चुना वाया घालवणं त्यांना परवडत नाही.

घरात राहून गेलेले सापडतात ते दिवाळीच्या साफसफाईला. लोखंडी पेटी सरकवली, की मागच्या कोपऱ्यात पांढरी, पोकळ कडी पडलेली दिसतात. रंग उडालेला, आतलं सगळं वाळून गेलेलं, कवच तेवढं उरलेलं. काही अजून गोल जुळलेली असतात, काहींची वळी सुटी झालेली. एखादं उचलून चिमटीत धरावं, तर पापडासारखा हलका आवाज होतो आणि बोटांवर चुन्याची पूड उरते.